कृष्णेकाठचा हिरा आणि चाचांचा डोळा

कोल्हापुरात, राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे मी चालवते. वरच्या मजल्यावर क्लासेस, शेजारी दातांचा दवाखाना, त्यामुळे माझ्या दारातल्या बाकावर दिवसभर कुणी ना कुणी टेकलेलं असतं. चाचा पहिल्यांदा आले ते असेच टेकायला. रिक्षावाल्यानं त्यांना भलत्याच गल्लीत सोडलं होतं.

"कितवी गल्ली म्हणायची ही?" त्यांनी विचारलं.

"समोर पाटी आहे की चाचा."

"पाटी दिसतीया. तिच्यावर काय लिवलंय ते दिसत न्हाई."

पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, दोन्ही हातांच्या बोटांची टोकं चपटी आणि गुळगुळीत झालेली. मी त्यांना आत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि एकेक भिंग बदलत अक्षरं वाचायला सांगितलं. उजव्या डोळ्यानं त्यांनी वरच्या दोन ओळी कशाबशा वाचल्या. त्यासाठी डावा डोळा झाकायला गेले तेव्हा ते म्हणाले, "त्याला झाकू नकोस, त्यो झाकलेलाच हाय." बॅटरी मारून पाहिलं तर बाहुलीच्या मागे दुधाळ पडदा. चष्म्यानं काही होणार नव्हतं. मोतीबिंदू पिकला होता.

मी तसं सांगितल्यावर ते मनापासून हसले. "जलमभर दुसऱ्याच्या नथीत मोती बसवलं. आता एक आमच्या डोळ्यात बसला म्हण की."

त्यांची माहिती मला तेव्हा कळली. गुजरीत एका सराफी पेढीच्या माडीवर बसून त्यांनी सगळी हयात खडे बसवण्यात घालवली होती. नथ, कुड्या, अंगठ्या. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर होता आणि आता घरी बसून आराम करा म्हणत होता. आराम हा शब्द उच्चारताना चाचांनी तोंड कडू केलं.

मी ओळखीच्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं. दोन दिवसांनी ते परत माझ्या बाकावर.

"झालं का ठरवून?"

"मी न्हाई करून घेणार."

दवाखान्यात एका मुलीनं त्यांना अगदी नीट समजावून सांगितलं होतं. डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ झालंय, ते आतल्या आत फोडायचं, चुरा ओढून घ्यायचा आणि त्या जागी नवं घालायचं. फोडायचं म्हटल्यावर चाचा खुर्चीवरून उठले होते, ते थेट रस्त्यावर.

"आता सगळ्यांचीच होतात चाचा ही ऑपरेशनं. माझ्या आईचं झालं."

"तुला मोगलाच्या हिऱ्याची गोष्ट म्हाईत न्हाई, म्हणून तू असं बोलतीस."

मला खरंच माहीत नव्हती. कोहिनूर ऐकून होते. चाचांनी हात झटकला. कोहिनूर आहे, त्याचं काय कौतुक. तो लंडनला ठेवलाय, तिकीट काढा आणि बघा. हा त्याच्याहून मोठा आणि हा हरवलाय. त्यांच्या उस्तादांनी काम शिकवता शिकवता सांगितलेली ती गोष्ट त्यांनी मला त्या दुपारी सांगितली. गिऱ्हाईक आलं की थांबायचे, गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचे.

"कृष्णाकाठानं खाणी हुत्या. आपली न्हवं का कृष्णा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा जिला मिळती, तीच. ती पुढं जाती तेलंगण, आंध्रात. तितं हजारो माणसं काठ उकरत बसायची. त्यातल्या एका मजुराला ह्यो घावला. हात भरंल एवढा. त्यानं काय केलं, आपलीच पिंडरी चिरली, जखमंत दगूड दाबला, वर चिंधी बांधली आनि लंगडत भाईर पडला. पण एवढं मोठं लपतंय व्हय? धरला. दगूड गेला गोवळकोंड्याच्या वजिराकडं. वजिराचं राजासंगं बिनसलं, मग त्यानं ह्यो दिल्लीच्या बादशहाला नजर केला."

"मग?"

"मग बादशहानं बघितलं, आत डाग हाईत. आता एवढ्या मोठ्या दगडात डाग असणारच की! आपल्याकडचं कारागीर म्हणालं, राहूंदे. एक व्हेनिसचा हुता दरबारात. त्यो म्हणाला, द्या मी काढतो. चिरून तुकडं केलं असतं तरी प्रत्येकाचा एक हिरा झाला असता. त्यानं घासला. डाग दिसला की घास, दिसला की घास. शेवटाला तीन वाट्यातला एक वाटा उरला. बाकीचं पीठ. बादशहानं मजुरी तर दिली न्हाईच, उलट दंड केला. त्येच्याकडं हुतं तेवढं सगळं काढून घेतलं."

ते पुढे वाकले. "डाग काढायला दिला. डागासंगं हिराबी गेला. आनि आता मला म्हणत्यात, डोळ्यात डाग हाय, फोडून काढू."

मला हसू आलं, पण त्यांच्या बोलण्यात एक पक्कं कारण होतं, त्याला नुसतं 'घाबरू नका' म्हणून भागणार नव्हतं.

त्या हिऱ्यानं मला धरलं ते तिथून. दुकान बंद करून घरी जाताना मी वाट वाकडी करून वाचनालयात जायला लागले. इतिहास मी शाळेत नावडीनं पाठ केलेला विषय. पण एकदा एका पुस्तकात त्या हिऱ्याचं चित्र सापडलं आणि मी तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागले. अर्धं अंडं बशीत पालथं घातल्यासारखा तो दिसत होता, अंगभर बारीक पैलू. एका फ्रेंच जवाहिऱ्यानं तो दरबारात स्वतःच्या हातात घेऊन पाहिला होता आणि त्याचं चित्र काढून ठेवलं होतं. तेवढा एकच पुरावा. पुढे इराणच्या शहानं दिल्ली लुटली, त्या लुटीबरोबर हिरा गेला आणि शहाचा त्याच्याच तंबूत खून झाला तेव्हापासून कुणाला दिसला नाही. कुणी म्हणतं, सैनिकांनी किंमत न कळून फोडून वाटून घेतला. कुणी म्हणतं, रशियाच्या राजदंडात बसवलाय तोच हा, तासून लहान केलेला. कुणी म्हणतं, कोहिनूर म्हणतात तोच हा. एक पुस्तक दुसऱ्याला खोटं पाडत होतं.

मला एक गोष्ट वेगळीच सापडली. पिंडरीत हिरा लपवणाऱ्या मजुराची कथा या हिऱ्याची नव्हतीच. त्याच खाणीतून पुष्कळ वर्षांनी निघालेल्या, आता फ्रान्समध्ये असलेल्या हिऱ्याबद्दल ती सांगतात. त्या मजुराला एका जहाजाच्या कप्तानानं फसवून समुद्रात ढकललं म्हणे.

चाचा आल्यावर मी उत्साहानं सांगितलं. उस्तादांच्या गोष्टीत दोन हिरे एकत्र झालेत म्हटलं.

चाचांनी टोपी नीट केली. "असंल. हिरा कंचाबी असूंदे. पाय तर मजुराचाच चिरला न्हवं?"

मी चहा मागवला.

असं ते येत राहिले. कधी मी वाचलेलं सांगायचे, कधी ते उस्तादांचं सांगायचे. व्हेनिसच्या कारागिरानं पीठ केलंच नाही, मोठा तुकडा गुपचूप कापून पळवला, हाही त्यांच्याकडचा एक पाठभेद होता. ऑपरेशनचा विषय मी काढत नव्हते. पण त्यांचा हात बाकाची कड चाचपत यायचा आणि पायरी उतरताना ते पाऊल हवेत थोडं धरून ठेवायचे, ते मला दिसत होतं.

मग मध्ये बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा मुलगा बरोबर होता, मोटारसायकलवरून सोडायला. तो बाहेरच थांबला. चाचा आत येऊन खुर्चीत बसले, बाकावर नाही.

"नातीचं लगीन ठरलंय," ते म्हणाले.

"अरे वा!"

"तिच्या आज्जीच्या कुड्या हुत्या. मीच केल्याल्या, आमच्या लग्नानंतर. त्यातला एक खडा हलत हुता. सून म्हणाली, दुकानात देऊ या. मी म्हणालो, माझं काम दुसरा कोण करणार? दिवसाउजेडी बसलो खिडकीत. चिमट्यात धरला. बसवायला गेलो आनि उडाला." त्यांनी चपट्या बोटांनी टिचकी मारून दाखवली. "बारीक हुता, ज्वारीच्या कणीएवढा. पण हिरा हुता. तिनं सांगितलेलं, खरा घाल. सगळ्यांनी घर झाडलं. केर चाळला. सून बिचारी गुडघ्यावर बसून फरशीच्या फटीत बघतीया आनि मी आपला मधी उभा. मला फरशी बी दिसंना."

"सापडला?"

"न्हाई."

मला त्या वेळी जे सुचलं ते मी बोलले, आधी ठरवलेलं नव्हतं. "चाचा, एक विचारू? तो फ्रेंच जवाहिऱ्या, ज्यानं चित्र काढलं, त्यानं हिरा कधी पाहिला?"

"बादशहाच्या दरबारात."

"म्हणजे घासण्याआधी की नंतर?"

त्यांनी तोंड वर केलं.

"नंतर," मी म्हणाले. "व्हेनिसवाल्यानं नासवल्यावर. उरलेला एक वाटा बघूनच त्यानं लिहिलं की दगडाचं पाणी फार सुंदर आहे. आपण दोघं गेले कित्येक दिवस ज्याबद्दल बोलतोय, तो त्या घासलेल्याबद्दलच."

चाचा बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज येत होता त्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, "हे तू आधी का न्हाई सांगितलंस?"

"मलाच आत्ता सुचलं."

"करतो मी. पण मला खाण बघायची हाय. त्यो निघाला ती जागा. डोळं आलं की न्यायचं."

मी हो म्हणून टाकलं. मुलगा आत आला, त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे अविश्वासानं बघत होता. बापाला ऑपरेशनला तयार करण्यासाठी तो हातापाया पडून थकला होता. तो म्हणाला, "न्हेऊ की. गाडी हाय माझी, जुनी हाय पण पळती."

ऑपरेशन व्हायला चहा प्यायला जितका वेळ लागतो तितकाच लागला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी तिथं होते. चाचांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. पंजे उलटसुलट करून बघितले. सदऱ्याच्या बाहीकडे बघून म्हणाले, "ह्यो पांढरा हाय? मी पिवळट समजत हुतो." मग माझ्याकडे वळले. मी काही कौतुकाचं ऐकायच्या तयारीत होते.

"तुझं केस पिकल्यात की गं! आवाजावरनं मी तुला तिशीची धरलेली."

डॉक्टरीण बाई इतक्या हसल्या की त्यांना तपासणीचा दिवा बाजूला ठेवावा लागला.

नातीचं लग्न झालं. कुडीत नवा खडा चाचांनीच बसवला, गुजरीत जाऊन जुन्या माडीवर, आपल्या जुन्या जागी बसून. मग उन्हाळ्यात आम्ही निघालो. चाचा, मुलगा आणि मी. माझ्या घरी दोन दिवस हसाहशी चालली होती, हिरा शोधायला चालली म्हणून. सोलापूर मागे टाकलं, रात्री हैदराबादला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कृष्णेच्या दिशेला वळलो. चाचा पुढच्या सीटवर बसून वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. तेलुगू पाट्या आल्या तशी त्यांची पंचाईत झाली, तर ते गाड्यांचे नंबर वाचायला लागले.

मी वाचून आले होते की खाणीचं ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. चाचांना सांगितलं होतं. तरी त्यांना वाटत होतं, एवढी मोठी खाण, काहीतरी असेल. एखादा खड्डा, एखादी भिंत.

रस्ता संपला तिथं पाणी होतं. उन्हात पसरलेलं, जरा मातकट, लांबवर एकदोन होड्या. काठाला वाळलेला चिखल आणि त्यात बाभळीचे काळे पडलेले बुंधे. बाकी काही नाही. मुलानं गाडी सावलीत लावली. चाचा खाली उतरले, पाण्यापर्यंत चालत गेले आणि उभे राहिले. मीही गेले. एवढ्या लांब येऊन आम्ही राधानगरीला दिसतं तसलंच एक धरण बघत होतो.

चढावर एक चहाची टपरी होती. बाई एकटीच होती, साठीची असेल, डोक्यावर पदर. मुलानं मोडक्या हिंदीत चहा सांगितला. तिनं विचारलं, "कां से आए?" आणि चाचा एकदम वळले. ती बोलत होती ते त्यांच्या घरातल्या दखनी बोलीसारखं होतं.

"कोल्हापूर से," चाचा म्हणाले. "तुमे इधरीच के?"

"हौ. हमारा घर उधर था." तिनं पळीनं पाण्याकडे दाखवलं.

पुढचं सगळं त्या दोघांचं चाललं. मला बरंच कळत होतं, उरलेलं चाचा मराठीत सांगत होते. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळं गाव उठवून दूर नवीन जागी नेलं. नवीन घरं एका ओळीत, पण शेजार बदलला. तिच्या दारात कडुलिंब होता, तिच्या सासऱ्यानं लावलेला. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की त्याचा शेंडा दिसतो, असं ती म्हणाली. मग तुम्हीही दगड शोधायला आलात का, असं तिनं आम्हाला विचारलं. पाणी उतरलं की लांबून लांबून माणसं येतात आणि चिखलात दगड शोधत बसतात. त्यांच्यामुळेच तर टपरी चालते.

"किसीको मिला?" चाचांनी विचारलं.

"बोलते सो सुनी. देखी नै." ती हसली. "मेरे को मिला तो मैं चाय बेचती क्या?"

चाचा म्हणाले, आम्ही शोधायला आलो नाही, बघायला आलो. उस्तादांची, मोगल बादशहाची आणि व्हेनिसच्या कारागिराची सगळी गोष्ट त्यांनी तिला सांगितली. ती गाळणं हातात धरून ऐकत होती. त्या मातीत जन्मून तिनं ही गोष्ट ऐकली नव्हती. तिच्या लहानपणी म्हातारी माणसं एवढंच सांगायची की इथं पूर्वी फार मोठा बाजार होता. गोष्ट संपल्यावर तिनं एकच विचारलं, हिरा काढणाऱ्याला काय मिळालं?

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी पुस्तकं चाळली, वजीर होता, बादशहा होता, कारागीर होता, त्याचा दंडसुद्धा होता. ज्यानं मातीतून वर उचलला त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती.

निघताना तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत. चाचांनी खूप आग्रह केला. "मेहमान है तुमे," एवढंच म्हणत राहिली. चाचा पुन्हा पाण्याशी गेले. कडुलिंब कुठल्या बाजूला होता ते त्यांनी तिला हात करून विचारलं, तिनं वरून दाखवलं. डोळ्यांवर आडवा हात धरून ते तिकडे बघत राहिले. शेंडा काही दिसला नाही, पाणी अजून तेवढं उतरलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर ते बराच वेळ झोपले. जागे झाल्यावर मुलाला म्हणाले, "हे पाणी आपल्याकडनंच येतंय बघ. पंचगंगेचं." मुलगा म्हणाला, "व्हय अब्बा." आणि गाडी चालवत राहिला.

चाचा अजून येतात. आता डाव्याबरोबर उजवाही डोळा करून घेतलाय. परवा हातात पेपर घेऊन आले, तावातावानं. युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्याचा, शंभर वर्षं बेपत्ता असलेला पिवळा हिरा एका बँकेच्या लॉकरमध्ये निघाला होता.

"बघ! ह्यो घावला. मग आपलाबी कुणाच्या तरी कपाटात असणार."

"चाचा, अभ्यासक म्हणतात तो रशियात आहे. तासलेला."

"त्यास्नी काय कळतंय. दोन्हींची चित्रं तूच दावलीस न्हवं? मी डोळ्यांनी बघितल्यात. बैठक येगळी हाय, बूडच येगळं." दोन पुस्तकांतली चित्रं शेजारी ठेवून त्यांनी खरंच तासभर पाहिली होती. ते बरोबर की पुस्तकं बरोबर, मला ठरवता येत नाही.

बाकावर बिद्रीहून आलेले एक शेतकरी बसले होते, बायकोचा चष्मा तयार व्हायची वाट बघत. आमची वादावादी ऐकून ते म्हणाले, "कसला हिरा म्हणायचा ह्यो?"

चाचा त्यांच्याकडे सरकले. "पावणं, सांगतो. तिकडं कृष्णंच्या काठाला एक गाव हुतं. आता पाण्यात हाय. तितं एकाच्या दारात कडुलिंब हुता..."

गोष्ट इथून सुरू होताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. चष्मा तयार झाला होता. मी तो डबीत घालून पुढे केला आणि म्हटलं, तुमची एस.टी. चुकेल.

"चुकूंदे की. मागनं दुसरी हाय," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी डबी मांडीवर ठेवली. "हं, मग? कडुलिंब हुता..."